नववीच्या मुलींचा तास

“बाई, पोटात दुखतंय.”

“गेल्या गुरुवारीही दुखत होतं ना गं तुझं?”

“तेच अजून दुखतंय, बाई.”

इनशाने हे इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलं की केसर बाईंना हसू आवरेना. भेंडीच्या झाडाखाली नववीच्या झाडून साऱ्या मुली बसल्या होत्या आणि प्रत्येकीचं काही ना काही दुखत होतं. कुणाचं डोकं, कुणाची टाच. एकीला ऊन सोसत नव्हतं, काळी पडले तर आई ओरडेल म्हणाली. एकीने नवा गणवेश घातला होता आणि तो मळवायची तिची तयारी नव्हती. भरल्या दंडांची दिशा तर खोडाला टेकून सरळ डोळे मिटून बसली होती.

“तुझं काय दुखतंय, दिशा?”

“काय न्हाय दुखत. झोप आलीय, बाई. पाटेच्याला आयसंगं बंदरावर गेलती. म्हावऱ्याच्या पाट्या वाहून मान मोडलीय. आनखी कसली पीटी करायची?”

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मुलगे आधी बॅटिंग कुणाची यावरून भांडत होते. मुलग्यांना मैदानावर आणायला बाईंना कधीच काही करावं लागलं नाही, त्यांना मैदानावरून हाकलतानाच घसा बसायचा. मुली मात्र मैदानावर यायच्या आणि तास संपेपर्यंत सावलीतली जागा धरून ठेवायच्या. शाळेची दोन दारं होती, अभ्यासाचं आणि घरचं. मैदान हे त्या दोन दारांच्या मधलं ओलांडून जायचं अंगण, एवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध.

केसर बाई याच गावच्या, कोळीवाड्यातल्या. लहानपणी पायाला भिंगरी लागल्यासारख्या ओहोटीच्या ओल्या वाळूवरून पळत सुटायच्या. आई कपाळाला हात लावायची, पण वडील, गुणाजी नाखवा, जाळं विणता विणता म्हणायचे, “पलूं दे. पोर पलतेय म्हंजे ठनठनीत हाय.” ती पळता पळता अलिबागला पोहोचली, कॉलेज झालं, व्यायामशिक्षणाची पदवी झाली आणि गावच्याच शाळेत पीटीची बाई म्हणून चिकटली. पोरीला पळायचा पगार मिळतो, याचं कोळीवाड्याला कितीतरी दिवस नवल वाटत होतं.

शिक्षकांच्या खोलीत ते नवल नव्हतं. तिथे पीटी हा विषय नव्हताच. कुणाचा पोर्शन मागे पडला की तो हक्काने बाईंकडे यायचा, “बाई, आजचा तास देता का?” आणि बाई द्यायच्या. अशी सारी नोकरी सरत आली. उजवा गुडघा झिजला, केस पांढरे झाले, आणि शाळेच्या कपाटात मुलींनी आणलेला एकही कप नव्हता.

त्याच दिवशी शाळा सुटायच्या वेळेला मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं.

“बाई, राग मानू नका,” सुजित सर म्हणाले. “दिवाळीनंतर नववीच्या मुलींचा पीटीचा तास मी गणिताला घेतोय. कमिटीत बोलणं झालंय.”

“आणि मुलग्यांचा?”

“मुलगे खेळतात. मुली झाडाखाली बसतात. बसायचंच असेल तर वर्गात बसू देत, चार गणितं तरी होतील.”

सुजित सर काही वाईट माणूस नव्हते. घाटावरून आलेले, तरुण, गणित जीव तोडून शिकवायचे. चाचणीत अर्धी नववी गणितात आडवी झाली होती आणि ते त्यांच्या मनाला लागलं होतं. ते जरा पुढे झुकले.

“खरं सांगू का? या पोरींना व्यायामाची काय कमी आहे? पाणी भरतात, मासे वाहतात, भाकऱ्या थापतात. त्यांना उलट आरामाची गरज आहे.”

“राबणं वेगळं आणि खेळणं वेगळं, सर.” बाईंचा आवाज त्यांच्या नकळत चढला. “राबते ती घरासाठी. खेळली तर स्वतःसाठी खेळेल. आठवड्यातून एक तास तरी पोरीचं अंग तिचं स्वतःचं असू दे की!”

बाई ओशाळल्या; इतकं त्या कधी बोलल्या नव्हत्या. सर म्हणाले, “दिवाळीआधी तालुक्याच्या स्पर्धा आहेत. मुलींचा एखादा संघ उतरवा. एक कप आणा, बाई. कप दाखवला तर कमिटीपुढे मला तोंड उघडता येईल. नाहीतर माझ्या हातात काही नाही.”

घरी जाताना बाई किनाऱ्याच्या वाटेने निघाल्या. कबड्डी म्हणावं तर मुली मातीत पडायला तयार नाहीत. खो-खो म्हणावं तर पळायला तयार नाहीत. हा कप आणायचा कुठून?

किनाऱ्यावर कोळीवाड्यातल्या बुधाजीची होडी वर काढायचं चाललं होतं. गडी कमी होते, निम्मे तरुण आखातात नाहीतर मुंबईच्या बोटींवर. म्हणून दोरीला बायका आणि पोरी लागल्या होत्या. सगळ्यांत पुढे दिशा. दुपारी जिच्या अंगात त्राण नव्हतं ती आता टाच वाळूत रोवून मागे रेलली होती आणि खड्या आवाजात हाळी देत होती.

“हैयाऽऽ... हो! हैयाऽऽ... हो!”

‘हो’ म्हटलं की सगळ्या एकदम ओढायच्या. ‘हैया’ लांबवला की दम घ्यायच्या, पाय बदलायच्या. होडी हातभर हातभर वर सरकत होती. बाईंनी पिशवी वाळूत टाकली, चपला काढल्या आणि दोरीला हात घातला. हाळी अंगात मुरलेली होती, शिकावी लागली नाही. होडी वर आली तेव्हा त्यांचा गुडघा ठणकत होता आणि चेहरा मात्र फुलला होता.

“दिशा, हा खेळ असतो, ठाऊक आहे? रस्सीखेच म्हणतात.”

“होडी वडायचा खेल?”

“होडी नसते. पलीकडे दुसऱ्या शाळेच्या मुली असतात. आठ इकडे, आठ तिकडे. जिंकलं की कप.”

“वडायला कप देतात?” दिशा खो खो हसली. “मंग आमच्या आयच्या घरात ठेवाला जागा न्हाय रावायची, बाई!”

दिशाने कोळीवाड्यातल्या मुली जमवल्या. पूनम आली, आणखी काही जणी आल्या. एक जागा उरली, ती सगळ्यांत मागची. तिथे दोरी अंगाला वेढून उभी राहणारी, जड अंगाची, खंबीर मुलगी लागते. बाईंनी इनशाला बाजूला घेतलं.

“मला शेवटाला उभी राहणारी हवी आहे. जिला कुणी जागची हलवू शकणार नाही अशी.”

इनशाने बाईंकडे रोखून पाहिलं. थट्टा चालली आहे का, हे ती शोधत होती. वर्गात तिला जी नावं ठेवत ती बाईंच्या कानावर होती. म्हणून तर ती सदा अंग चोरून, पिशवी पोटाशी धरून बसायची.

“मी जाडी आहे म्हणून?”

“हो,” बाई म्हणाल्या. त्यांनी खोटं सांगितलं नाही. “बाकी ठिकाणी तुला हसतात. या खेळात तुझ्यावाचून संघ उभा राहत नाही.”

इनशाने पोटाशी धरलेली पिशवी खांद्यावर टाकली. मग म्हणाली, “दादी सोडायची नाही.”

इनशाचे वडील कुवेतला. घरात सत्ता दादीची, अख्तरुन्निसाची. बाई घरी गेल्या तेव्हा म्हातारी ओट्यावर सुपात कोलीम, ती बारीक सुकट, निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सूप खाली ठेवलं.

“बाई, तिच्या अब्बानं पोर माझ्या भरवशावर ठेवलीय. उद्या हातपाय मोडला तर त्याला काय तोंड दाखवू? आणि पोरीच्या जातीनं दोऱ्या ओढून करायचं काय?”

“सलवार-कमीज घालून खेळू दे, चाची. स्कार्फ राहू दे. मी स्वतः बरोबर आहे. तिच्या अंगाला खरचटूसुद्धा देणार नाही.”

“जबान देताय?”

“देते.”

म्हातारीने नातीकडे पाहिलं. इनशा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचा असा आशेने भरलेला चेहरा दादीने कधी पाहिला नसावा, कारण तिने पुन्हा सूप उचललं आणि नुसतं “जा मंग” म्हटलं.

सराव सुरू झाला आणि बाईंना आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मुली शाळा भरायच्या आधी येऊन उभ्या राहायच्या. इनशाचं पोट दुखायचं थांबलं. दोरी अंगाला वेढून ती मागे उभी राहायची, जमिनीतून उगवल्यासारखी, आणि तिच्या तोंडावर एक प्रकारचा रुबाब यायचा. हाळी तिच्या घरची नव्हती, त्यांच्या घरात होडी नव्हती. दिशा ओरडली की ती आपली दोरी धरून ठेवायची, बस्स.

सरावाला समोर नववीचे मुलगे. त्यांचा म्होरक्या मितेश, तोही कोळीवाड्यातलाच. “हैयाऽऽ... हो!” झालं की दोन्ही बाजू ओढायच्या, दोन्ही बाजू थांबायच्या, पुन्हा ओढायच्या. तिसऱ्या-चौथ्या हिसक्याला मुलगे धुळीत. मुली टाळ्या पिटत नाचायच्या आणि मितेश म्हणायचा, “पाय घसरला रं!” सुजित सर वरच्या खिडकीतून बघायचे. एकदा ते स्वतःहून म्हणाले, “बाई, कप येणार असं दिसतंय.” बाईंना त्या रात्री शांत झोप लागली.

स्पर्धा मुरूडला होती. मुलींच्या रस्सीखेचीला दोनच संघ उतरले होते, तीनपैकी दोन खेपा जिंकेल त्याचा कप. समोर डोंगराकडच्या एका शाळेच्या मुली उभ्या राहिल्या. अंगाने काटकुळ्या, काळ्यासावळ्या, घाबरलेल्या. दिशाने वळून बाईंना डोळा मारला. सुजित सरही मोटारसायकलवरून आले होते, मुद्दाम पुढच्या रांगेत उभे होते.

शिट्टी वाजली.

“हैयाऽऽ... हो!”

एका हिसक्यात दोरी हातभर इकडे आली. मग दिशाने सवयीने हाळी लांबवली, “हैयाऽऽ”, आणि मुलींनी दम घेतला. पाय बदलले.

समोरच्या मुलींनी दम घेतला नाही. त्यांना हाळीबिळी ठाऊक नव्हती. त्या दात-ओठ खाऊन नुसत्या ओढत राहिल्या. दोरी सळसळत तिकडे गेली. दिशाने घाईने “हो!” म्हटलं, थोडी परत आली, पुन्हा श्वासाला थांबल्या, पुन्हा गेली. पाहता पाहता सगळी रांग रेषेपलीकडे ओढली गेली.

बाई जागच्या जागी गोठल्या. त्यांना सगळं एका क्षणात कळलं. वाळूत बसलेली होडी आपण थांबलो तरी मागे पळत नाही. म्हणून या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या ओढायचं आणि थांबायचं, ओढायचं आणि थांबायचं. मुलींनी तेच केलं. सरावात समोर असलेली मुलंही त्याच किनाऱ्याची, तीही तेव्हाच थांबायची, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि पीटीची पदवी घेतलेली बाई? तीही त्याच वाळूतली. तिने स्वतः त्या हाळीवर दम घेतला होता आणि तिला काही खटकलं नव्हतं.

“थांबायचं नाही!” त्या धावत मुलींपाशी गेल्या. “ऐकताय का? दम घ्यायचाच नाही. ओढतच राहायचं.”

“मंग हाळी?” दिशा धापा टाकत म्हणाली.

“हाळी नको.”

“हाळीबिगर कसं वडायचं, बाई?”

दुसऱ्या खेपेला मुलींनी खरंच प्रयत्न केला. पण हाळी नसल्यावर जी ती आपापल्या वेळेला ओढू लागली. पूनम ओढायची तेव्हा पुढची ढिली, पुढची ओढायची तेव्हा पूनम ढिली. शेवटी दिशाला राहवलं नाही. तिच्या तोंडून हाळी निघालीच, आणि हाळी निघाली तसा सगळ्यांनी इमानदारीत श्वास घेतला.

कप डोंगरावर गेला.

मुली मैदानातच बसकण मारून रडायला लागल्या. बाई प्रत्येकीच्या पाठीवर हात फिरवत मागे मागे गेल्या. एकटी इनशा तेवढी रडत नव्हती. ती उभी होती आणि तिने दोन्ही हात ओढणीत गुंडाळले होते.

“बघू हात.”

“काही नाही, बाई.”

“इनशा, बघू!”

तळव्यांची कातडी सोलून निघाली होती. बाकीच्या दम घ्यायला थांबत तेव्हा समोरच्या आठ जणींची सारी ओढ एकट्या इनशाच्या हातांवर येत होती. तिला कुणी थांबायला शिकवलंच नव्हतं. पहिल्याच खेपेला हात सोलले होते, तशीच ती दुसऱ्या खेपेला उभी राहिली होती.

“सोडायचीस ना गं दोरी!” बाईंचे डोळे भरून आले.

“तुम्हीच म्हणाला होतात ना,” इनशा म्हणाली, “मला कुणी हलवू शकणार नाही म्हणून.”

सुजित सर मलम आणि पट्टी घेऊन आले. त्यांनी स्वतः खाली बसून पट्टी बांधली.

संध्याकाळी बाई इनशाला घेऊन तिच्या घरी गेल्या. दिलेला शब्द मोडला होता. अख्तरुन्निसाने पट्ट्या पाहिल्या आणि तिचा तोल गेला.

“या अल्ला! हे काय करून आणलंत? खरचटू देणार नाय म्हणालात ना?”

“चुकलं माझं, चाची,” बाई म्हणाल्या. त्यांनी काही लपवलं नाही. होडीची सवय, हाळी, सगळं सांगितलं. “सगळ्यांच्या हातून दोरी सुटत होती. हिने सोडली नाही.”

म्हातारी थबकली. “शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत.”

दादी आत गेली आणि ताटली घेऊन आली. तांदळाच्या भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तिने नातीच्या तोंडात घातला. पट्टी बांधलेले हात मांडीवर ठेवून इनशा निमूट खात होती. दोन-तीन घास झाल्यावर म्हातारी बाईंकडे न बघता म्हणाली, “बरे होऊं देत हात. मंग कवा बोलावताय तिला?”

“आता नाही बोलवायची, चाची. तो तास गेला. दिवाळीनंतर त्या वेळेला गणित.”

“का म्हणून?”

“हरलो ना आम्ही.”

म्हातारीचा घास हातात राहिला. तिला ते खरोखरच कळलं नव्हतं.

“हरली म्हणून शिकवायचं बंद? चाचणीला गणितात नापास झाली पोर. तवा गणित बंद केलंत काय?”

दुसऱ्या दिवशी बाईंनी हाच प्रश्न जसाच्या तसा सुजित सरांना विचारला. सर हसले, मग हसायचे थांबले, आणि टेबलावरचा पेपरवेट फिरवू लागले. “कमिटीनं सही केली, बाई,” एवढंच ते शेवटी म्हणाले.

दिवाळी झाली. पहिल्या गुरुवारी शेवटच्या तासाला मुलगे मैदानावर आले आणि भेंडीखाली कुणीच नव्हतं. ज्या मुलींना सावलीतून उठवता उठवता बाईंचं अर्धं आयुष्य गेलं, त्यांची ती रिकामी सावली त्यांना बघवेना. वरच्या वर्गातून सुजित सरांचा आवाज येत होता. बाईंनी मुलग्यांना खेळायला लावलं आणि तास कसाबसा ढकलला.

शाळा सुटली. मुलगे गेले. बाईंनी यष्ट्या उचलल्या आणि त्या आत निघाल्या, तेवढ्यात जिन्यावरून धडधड आवाज आला. दिशा पुढे होती. मागून पूनम, इनशा आणि आणखी दोघी. बाकीच्या आल्या नव्हत्या, कुणाची शिकवणी होती, कुणाची टमटम निघाली होती. आलेल्या पाच जणींनी दप्तरं झाडाखाली टाकली आणि त्या उन्हात येऊन उभ्या राहिल्या.

“बाई, काय खेलायचं?” दिशाने विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न बाईंना एकाही मुलीने विचारला नव्हता. हातातल्या यष्ट्या त्यांनी तिथेच खाली ठेवल्या आणि म्हटलं, “पळा आधी. सगळं मैदान.”

“सगला?”

“सगळं!”

मुली पळत सुटल्या. इनशा सगळ्यांच्या मागे होती, पण तिने अंग चोरलं नव्हतं. स्कार्फची टोकं मागे उडत होती. तळव्यांवर नवी गुलाबी कातडी आली होती आणि ती हात मोकळे सोडून पळत होती.

फाटकापाशी कुणीतरी उभं होतं. काळ्या बुरख्यातली अख्तरुन्निसा चिंचोळ्या फाटकातून हळूहळू आत आली. शाळेत ती पहिल्यांदाच येत होती.

“टमटम जाऊं दे म्हटलं,” ती बाईंना म्हणाली. “मी हाय ना सोबत. आम्ही चालत जाऊ.” मग तिने मैदानाकडे बघून हाक दिली, “इनशा! हळू गो!” आणि लगेच, जरा खालच्या आवाजात, “पळते बघा कशी.”

कुंपणाच्या बुटक्या भिंतीवरची धूळ हाताने झाडून म्हातारी बसली. सरकून तिने शेजारी जागा केली.

“बसा, बाई. दिवसभर उभ्या असता. गुडघा दुखतो म्हणत होती पोर.”

केसर बाईंचा गुडघा खरंच दुखत होता. शाळा सुटली होती, शिपाई वर्गांना कुलपं लावत होता, वेळापत्रकात या वेळेला काहीच नव्हतं. मुली मैदानाच्या त्या टोकाला वळल्या होत्या. बाईंनी कमरेला ओढणी खोचली.

“नको, चाची,” त्या म्हणाल्या. “माझा तास चालू आहे.”